शिकारीचीही सोडत

शिरवळच्या शिवारात रानडुकरांनी रातोरात ऊस आडवा केला, तरी शेतकऱ्याला परस्पर बंदूक उचलता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार त्यासाठी वन खात्याची लेखी परवानगी लागते.

अमेरिकेत मात्र एल्क व मूस ही हरणे, रानमेंढा यांच्या शिकारीचे परवाने राज्ये मोजून काढतात. अर्ज जास्त आले, की म्हाडाच्या घरांसारखी सोडत! परवान्याला ‘टॅग’ म्हणतात. शिकार साधली की तो जनावराला लावायचा. अनेक राज्यांत नंबर लागला नाही, तर पुढच्या खेपेसाठी गुण जमा होतो. लागला, की खाते शून्यावर.

खरी गंमत नेवाडात. तिथे गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. म्हणजे पाच गुणवाल्याला संगणक २६ आकडे देतो, नवख्याला एकच. त्यातला सर्वांत लहान आकडा ज्याचा त्याचा, आणि लहान आकडेवाला आधी. तरीही नवखा बाजी मारू शकतो.

कोलोरॅडोत वर्षानुवर्षे ‘प्राधान्य गुण’ चालत आले: जास्त गुणवाला पुढे. ज्येष्ठांची सोय, पण तरुणाने रांगेतच म्हातारे व्हायचे! न्यू मेक्सिकोत गुणच नाहीत.

आपल्याकडे शिकारीची सोडत नाही. रानडुकरांमुळे पीक गेले तर पंचनाम्यासाठी वन विभागाकडे लगेच अर्ज करा.