जुन्या मोटारहोमची चाल व दिशास्थैर्य : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेत निवृत्तीनंतर जुने मोटारहोम, म्हणजेच चाकांवरील घर, विकत घेऊन महिनोन्‌महिने प्रवास करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. १९७० ते १९९० या दशकांतील अशी अनेक वाहने शेवरलेच्या 'पी-३०' या चासीवर उभारलेली आहेत. ही चासी मूळची माल पोहोचविणाऱ्या व्हॅनच्या कुळातील. चासी एका कारखान्याची व तिच्यावरील घर दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था असल्याने पूर्ण भरलेले वाहन रस्त्यावर कसे वागेल, याचा विचार पुष्कळदा मालकावरच सोडला गेला. अशा वाहनांबाबतच्या तक्रारी ठराविक असतात : सरळ रस्त्यावरही सुकाणूचक्र सतत सावरावे लागते, खड्ड्यांचे धक्के थेट अंगावर येतात आणि शेजारून मोठा ट्रक गेला की वाहन आधी बाहेर ढकलले जाऊन मग आत ओढले जाते. यावर उपाय म्हणून बहुतेक मालक प्रथम एखादे जादा उपकरण विकत घेतात. हा क्रम चुकीचा असून तो प्रसंगी धोकादायकही ठरतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

वजनाचा प्रश्न

सुरुवात वजनकाट्यापासून व्हावयास हवी. पाणी, इंधन, सामान व प्रवासी यांसह भरलेल्या वाहनाच्या प्रत्येक ॲक्सलवर, आणि शक्य असल्यास चारही कोपऱ्यांवर, किती भार येतो हे मोजणे आवश्यक आहे. मोटारहोमचा मागील भाग मागच्या चाकांच्या बराच पलीकडे गेलेला असतो. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलेल्यास या लांबीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. दोन ॲक्सलांमधील अंतर ४.५ मीटर असून २०० लिटर पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या २.५ मीटर मागे आहे, असे समजू. २०० किलोच्या या पाण्यामुळे तरफेच्या नियमानुसार पुढच्या ॲक्सलवरील भार सुमारे १११ किलोने घटतो आणि मागचा सुमारे ३११ किलोने वाढतो. पुढची चाके हलकी झाली की त्यांची रस्त्यावरील पकड उणावते व वाहन भरकटू लागते. अशा वेळी अवजड सामान पुढे सरकविणे हाच बिनखर्ची आणि बहुधा सर्वांत गुणकारी उपाय होय.

टायरमधील हवेचा दाबही या वजनावरूनच ठरतो. उत्पादकाच्या तक्त्यात भारानुसार दाब दिलेला असतो. एका ॲक्सलवरील सर्व टायरांत, अधिक भाराच्या बाजूस लागणारा दाब ठेवावा व तो टायर थंड असताना मोजावा. टायरवर छापलेला कमाल दाब सरसकट भरणारे पुष्कळ आहेत. त्यांचे वाहन दगडासारखे कडक चालते आणि दोष मात्र स्प्रिंगांना दिला जातो. उलट दाब कमी असेल तर टायरच्या कडा तापून तो फुटण्याचा संभव असतो. मोटारहोम वर्षातील बराच काळ उभेच असल्याने टायरची नक्षी शाबूत दिसते, परंतु रबर जुने झालेले असते. २००० पासून अमेरिकेत टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष चार अंकांत असते. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

झीज आणि चाकांची जुळणी

यानंतर झिजलेल्या भागांची तपासणी करावी. इंजिन चालू ठेवून एकाने सुकाणूचक्र किंचित डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने खाली प्रत्येक सांधा पाहावा. आयडलर आर्म, बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश यांतील थोडी थोडी ढिलाई एकत्र येऊन सुकाणूत मोठी पोकळ फिरकी निर्माण होते. ती घालविण्यासाठी स्टिअरिंग गिअरबॉक्सचा स्क्रू आवळत नेण्याची सवय घातक आहे; त्यामुळे चक्र अडखळते व वळणानंतर आपोआप सरळ होत नाही.

पी-३० च्या पुढील कॉइल स्प्रिंगांमध्ये अनेकदा हवेच्या पिशव्या बसविलेल्या असतात. त्या फुटल्या वा रिकाम्या राहिल्या की वाहनाचे नाक खाली बसते आणि चाकांची सारी भूमिती बदलते. म्हणून आधी योग्य उंची, मग व्हील अलाइनमेंट, तेही भरलेल्या वाहनाचे. येथे कॅस्टरचा कोन महत्त्वाचा. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो व त्यामुळे चाक सरळ राहू पाहते. तेच तत्त्व येथे लागू पडते. विहित मर्यादेत हा कोन वाढविल्यास चक्र थोडे जड होते, पण पॉवर स्टिअरिंग असल्याने ते जाणवत नाही.

जादा उपकरणे

एवढे झाल्यावरच जादा उपकरणांचा विचार करावा. शॉक ॲब्सॉर्बर भार उचलत नाहीत, केवळ स्प्रिंगांचे हेलकावे शमवितात. खाली बसलेले पाटे नव्या शॉक ॲब्सॉर्बरने वर येत नाहीत. अँटी-रोल बार वळणावरील कलणे कमी करतो. ॲक्सल चासीखाली आडवा सरकत असेल, तर ट्रकच्या झोतात वाहनाची शेपटी हलते आणि त्यावर पॅनहार्ड रॉड हा नेमका उपाय आहे. स्टिअरिंग डॅम्परबाबत मात्र सावधगिरी हवी. पुढचा टायर अकस्मात फुटल्यास सुकाणूला बसणारा हिसका तो सौम्य करतो, हे खरे. पण झिजलेल्या सांध्यांवर तो बसविल्यास ढिलाई हातांना जाणवेनाशी होते आणि सांधा निखळेपर्यंत चालकास पत्ताच लागत नाही. प्रत्येक बदलानंतर त्याच भारासह, त्याच रस्त्यावर, शक्यतो वारा असलेल्या दिवशी वाहन चालवून नोंद ठेवावी. दोन बदल एकाच वेळी केल्यास कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला, हे सांगता येत नाही.