'पॉश'चं न सापडलेलं तिकीट

पॉश फ्लॅट, पॉश एरिया, 'ऑफिस एकदम पॉश आहे हं': हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला इंग्रजी म्हणणंही जड जावं. त्याच्या जन्माची एक कथा मात्र हटकून ऐकवली जाते. ब्रिटिश अमदानीत पी अँड ओ कंपनीच्या बोटी सुएझमार्गे मुंबईला येत. तांबड्या समुद्रातला उकाडा टाळण्यासाठी पैसेवाले उतारू येताना डावीकडची आणि मायदेशी परतताना उजवीकडची केबिन घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरं, पी-ओ-एस-एच, त्यांच्या तिकिटावर जांभळ्या शाईत उमटवली जात. कथेत बोट आहे, ऊन आहे, गोरा साहेब आहे, शाईचा रंगसुद्धा आहे. नाही ते फक्त तिकीट. अशा शिक्क्याचं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि कंपनीच्या दप्तरातही या पद्धतीचा मागमूस नाही. शिवाय ही व्युत्पत्ती छापून आलेली दिसते ती 1930च्या दशकात. शब्द त्याच्या बऱ्याच आधी रुळला होता: 1918 सालच्या 'पंच' साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात हवाईदलाचा तरुण अधिकारी आईशी बोलताना तो सहज वापरून जातो. पुढे 1968च्या 'चिटी चिटी बँग बँग' या चित्रपटातल्या गाण्याने ही बोटीची कथा घरोघरी पोचवली.

यावर कुणी म्हणेल, तिकीट नसेना का, सावलीचा हिशेब तर खरा आहे ना? बऱ्याच अंशी आहे. भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे येताना सूर्य उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला राहतो आणि तांबड्या समुद्रात दुपारनंतरचं ऊनही उजवीकडूनच येतं. पण हा हिशेब बारमाही नाही. मुंबईत मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा हवा असेल तर मुंबईकडे येताना डावी बाजू घेऊन फारसा उपयोग नाही. आणि समजा काही उतारू सावली बघून केबिन निवडत होते, तरी त्यावरून एवढंच ठरतं की त्यांना उकाडा सोसवत नव्हता. शब्द तिथून निघाला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: आद्याक्षरांचे शब्द होतातच की. रडार, लेझर ही उदाहरणं आहेतच. खुद्द 'पॉश'चंही एक आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा कंपन्यांमध्ये 'पॉश कायदा' म्हणूनच ओळखला जातो आणि ती खरोखरची आद्याक्षरं आहेत. पण आद्याक्षरं जोडून सलग उच्चारायचा शब्द बनवण्याची ही सवय मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाला कुणी अशी फोड चिकटवली, तर ती मागाहून बसवलेली असण्याचीच शक्यता जास्त.

मग शब्द आला कुठून? कोशकार ठाम उत्तर देत नाहीत आणि ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलभाषेत 'पॉश' म्हणजे चिल्लर, पैसे. शतक सरता सरता तोच शब्द छानछोकी माणसालाही लावलेला दिसतो. 1892 साली पुस्तकरूपाने आलेल्या 'द डायरी ऑफ अ नोबडी'त टोप्यांच्या धंद्यातला मरी पॉश नावाचा एक मालदार इसम भेटतो. विनोदी पुस्तकात असं नाव उगाच ठेवत नाहीत. पैशांवरून पैसेवाला आणि पैसेवाल्यावरून झुळझुळीत राहणी, ही वाट मला बोटीपेक्षा पटते, जरी तिचेही काही दुवे तुटलेले असले. पैशांच्या अर्थाचं मूळ बरेच जण इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दात शोधतात. अर्ध्या पेनीच्या नाण्याच्या रोमानी नावात तो होता. रोमानी भाषा मुळात भारतीय कुळातली. तिच्यातला हा शब्द अभ्यासक संस्कृत 'पार्श्व'शी जोडतात. आपल्या 'दारापाशी'मधलं 'पाशी'ही त्याच 'पार्श्व'चं. हे मूळ खरं ठरलं, तर 'पॉश'चं भारताशी नातं आहेच. पण ते बोटीने नव्हे, भटक्यांच्या तांड्याबरोबर खुष्कीने गेलेलं, आणि पी अँड ओ कंपनीच्या जन्माआधी कित्येक शतकं.