वाटा की भाडे? खाजगी विमानाच्या खर्चाचा हिशेब

बाजाराच्या दिवशी एखादा दुकानदार आपल्या टेम्पोतून शेजारच्या तिघांना सोबत नेतो आणि डिझेलचा खर्च चौघे वाटून घेतात. याला कोणी धंदा म्हणत नाही. पण तोच टेम्पो स्टँडवर लावून तो गिऱ्हाइकाला हाका मारू लागला, तर ती वाहतूक झाली आणि त्याला परमिट लागले. अमेरिकेत लहान विमानांच्या बाबतीत कायद्याने नेमका हाच फरक केला आहे.

तेथे हौसेने विमान चालविणाऱ्यास खाजगी वैमानिकाचा परवाना मिळतो. या परवान्यावर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. मात्र खर्च वाटून घेण्याची सवलत आहे. वैमानिकाने आपला समान वाटा भरलाच पाहिजे, त्याहून कमी चालत नाही. वाटणीत इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे एवढेच धरता येते.

उदाहरण घेऊ. विमानाचे भाडे ताशी १६० डॉलर, प्रवास दोन तासांचा. एकूण ३२० डॉलर. वैमानिक धरून माणसे चार. प्रत्येकी ८० डॉलर. तिघांनी मिळून २४० पेक्षा जास्त दिले, तर वैमानिकाने मोबदला घेतला असे होते.

आणखी दोन अटी आहेत. त्या गावी जाण्याचे वैमानिकाचे स्वतःचेही कारण हवे, आणि त्याने सर्वांसाठी खुली जाहिरात करता कामा नये. फ्लायटनाऊ या कंपनीने इंटरनेटवर वैमानिक व प्रवासी यांची गाठ घालून देण्यास सुरुवात केली, तेव्हा २०१४ साली विमान वाहतूक प्रशासनाने हरकत घेतली. २०१५ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने प्रशासनाची बाजू उचलून धरली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

युरोपात नियम सैल आहे. तेथे वैमानिक धरून सहा जणांपर्यंत थेट खर्च वाटून घेता येतो आणि विंगली यासारख्या कंपन्या अशा जागा उघडपणे मिळवून देतात. तरीही वैमानिकाने नफा कमवावा, अशी मुभा तेथेही नाही.

एवढी काटेकोरता कशासाठी? व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण, तपासण्या आणि विमानाची देखभाल यांचे नियम अधिक कडक असतात. भाडे देणारा प्रवासी त्याच भरवशावर बसतो. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना फ्रान्समधील नांतहून कार्डिफला नेणारे छोटे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. साला आणि वैमानिक दोघेही दगावले. उड्डाण पैशासाठी होते, पण वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना नव्हता. उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्यास २०२१ साली १८ महिन्यांची कैद झाली.

म्हणून परदेशात व्यापारासाठी वा नातलगांकडे गेलेल्या आपल्यापैकी कोणास असे आमंत्रण आले, तर बसण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. परवाना कोणता? आपण स्वतः कशासाठी निघालात? आपला वाटा किती? विम्यात प्रवासी धरले आहेत काय? सरळ हिशेब असलेला वैमानिक या प्रश्नांनी रागावणार नाही. जो टाळाटाळ करील, त्याच्या विमानात स्वस्तात मिळालेली जागाही महागच पडते.