‘सोडली’, ‘सुटली’ आणि ‘पीत नाही’ : सॅम मॅलोन या पात्राच्या निमित्ताने

व्यसनातून सावरू पाहणाऱ्या माणसाचा निर्देश मराठीत कोणत्या रूपाने करावा, हा प्रश्न वरवर पाहता अनुवादकाचा वाटतो. वस्तुतः तो व्याकरणाचा आहे. त्याच्या विवेचनासाठी येथे एका अमेरिकन विनोदी मालिकेतील पात्र उदाहरणादाखल घेतले आहे.

‘चिअर्स’ ही मालिका अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीवरून सप्टेंबर १९८२ ते मे १९९३ या काळात प्रक्षेपित झाली. बॉस्टन शहरातील एका बारमध्ये तिचे कथानक घडते. बारचा मालक सॅम मॅलोन (नट : टेड डॅन्सन) हा ‘बॉस्टन रेड सॉक्स’ या बेसबॉल संघाचा माजी रिलीफ पिचर, म्हणजे मूळचा चेंडूफेक्या थकल्यावर त्याच्या जागी उतरणारा खेळाडू होय. मद्यपानाने त्याची खेळातील कारकीर्द बुडाली. आता तो स्वतः मद्याला शिवत नाही. मात्र इतरांचे पेले रोज भरून देतो.

या पात्राला इंग्रजीत दोन विशेषणे लागतात. ‘रिटायर्ड’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे, तर ‘रिकव्हरिंग’ हे वर्तमानकालवाचक. खेळ संपला आहे; सावरणे संपलेले नाही. १९३५ साली स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या सभांतून, अनेक वर्षे मद्य न घेतलेला सदस्यही आपण मद्यासक्त ‘आहोत’ असेच सांगतो. लक्षणीय गोष्ट अशी, की याच संघटनेच्या १९३९ च्या मूळ ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘बरे झाले आहेत’ या अर्थाचे पूर्ण रूप योजिले होते. ‘रिकव्हरिंग’ची रूढी नंतर बळावली.

मराठीत काय स्थिती आहे? ‘निवृत्त’ने पहिले विशेषण नेमके व्यक्त होते. परंतु दुसऱ्यासाठी हाताशी असलेले ‘व्यसनमुक्त’ हेही संस्कृतातील ‘क्त’ प्रत्ययाचेच रूप आहे, आणि त्याच्या विरुद्ध टोकाचे ‘मद्यासक्त’ हेही तसेच. दोन्ही शब्द सिद्ध अवस्था सांगतात. मधल्या वाटेला सुटसुटीत विशेषण नाही. ‘सावरत असलेला’ अर्थाने योग्य आहे, पण बोलण्यात जड वाटते.

विशेषणाची ही उणीव क्रियापद कितपत भरून काढते, ते पाहू. ‘त्याने दारू सोडली’ येथे माणूस कर्ता आहे. ‘त्याची दारू सुटली’ येथे दारू कर्ता असून माणूस षष्ठीत जाऊन बसला आहे. पहिल्या वाक्यात निर्धार आहे, दुसऱ्यात घटना. परंतु दोन्ही क्रियापदे क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतात, आणि सॅमची कथा त्याला दुजोरा देत नाही. आपण घेतलेल्या शेवटच्या बीअरच्या बाटलीचे झाकण तो शुभचिन्ह म्हणून जवळ बाळगतो. पहिल्याच पर्वात ते तो एका अपयशी खेळाडूला देतो आणि अस्वस्थ होतो. एका रात्री तो बीअर ओततो, पण न पिता पेला दूर सारतो व नव्या बाटलीचे झाकण जपून ठेवतो. पुढे प्रेमभंगानंतर, १९८४ साली आरंभ झालेल्या तिसऱ्या पर्वाच्या प्रारंभी, तो पुन्हा पिऊ लागलेला दिसतो. ‘सोडली’ हे क्रियापद तेथे खोटे ठरते.

खोटे ठरत नाही ते एक साधे वाक्य : ‘तो पीत नाही.’ प्रमाण मराठीत हे ‘तो पितो’ आणि ‘तो पीत आहे’ या दोहोंचेही नकारी रूप होऊ शकते. त्याची रीत तशी नाही, आणि या क्षणीही तो पीत नाही, असे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. सॅमच्या बाबतीत ते परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत, कारण समोरचा प्रत्येक पेला नाकारण्यानेच त्याची रीत घडते. विनोदी मालिकेची घडणही याला अनुकूल आहे : बहुतेक प्रसंग मूळ स्थितीवर येऊन थांबतात आणि पुढल्या आठवड्यास सर्व पुन्हा आरंभ होते.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ज्याला आपण ‘मुक्त’ म्हटले त्याचा पाय पुन्हा घसरला, तर समाज त्याला लबाड ठरवितो. त्यातला काही दोष आपण योजिलेल्या पूर्ण रूपाचाही असतो. यास्तव अनुवादकाने व निबंधकाराने अशा ठिकाणी विशेषणाचा आग्रह सोडून ‘पीत नाही’ या रूपाचा आश्रय करावा, असे सुचवावेसे वाटते. ते रूप अधिक सत्य आहे, आणि अधिक दयाळूही.