लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या जुन्या वस्तूंची जी चौकशी होते, तिच्यातून सहसा कोणी सुटत नाही. पितळेचे डबे घासून पुन्हा फळीवर जातात, शिवणयंत्राला तेल मिळते, पंख्याची पाती पुसली जातात. संथ झालेल्या लॅपटॉपची मात्र अशी सेवा कोणी करीत नाही. "म्हातारा झाला बिचारा!" एवढा निकाल देऊन घरातली मंडळी सवलतींच्या जाहिराती चाळू लागतात. वाचकहो, या निकालाविरुद्ध अपील करण्यासाठीच हा लेख!

माझे म्हणणे थोडक्यात असे की, लॅपटॉप माणसासारखा म्हातारा होत नाही. त्याचा प्रोसेसर दहा वर्षांपूर्वी ज्या वेगाने आकडेमोड करी, बहुधा त्याच वेगाने आजही करू शकतो. तो संथ दिसतो, कारण तो कशाची तरी वाट पाहत बसलेला असतो. कशाची, ते शोधावे आणि मगच पैशाला हात घालावा.

आमच्या वहिनी घरी शिकवण्या घेतात. त्यांचा लॅपटॉप २०१५ सालचा. सकाळी बटण दाबावे, चहाचे आधण ठेवावे, चहा पिऊन कप विसळावेत, तेव्हा कुठे पडदा कामाजोगा होई. तोवर पलीकडे मुले ताटकळत. दुकानदाराने सांगितले, "ताई, यात आता राम नाही. नवाच घ्या." नव्यासाठी पैसे होते ते एकच, मुलाच्या कॉलेजच्या फीचे. "भाऊजी, ते यात घालू का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, "आधी नाडी तर पाहू!"

नाडीपरीक्षा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे ते टक्क्यांत दिसते. वहिनींच्या यंत्रात प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. ४ जीबी रॅम काठोकाठ भरली होती आणि डिस्क १०० टक्क्यांवर धापा टाकीत होती. रोग तिथेच होता!

फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क ही १९५६ सालची कल्पना. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार लहान झाला, तरी फिरणे काही सुटले नाही. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. माहिती विखुरलेली असली, तर तिचे डोके सेकंदाला शंभर ठिकाणीही पोचू शकत नाही. 'एसएसडी'त फिरणारा भागच नसतो. ती तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणची माहिती उचलते.

रॅमचे काम स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे. ओटा लहान पडला की दर वेळी डबा माळ्यावर ठेवायचा आणि माळ्यावरून काढायचा. रॅम भरली की यंत्र हेच करते, आणि त्याचा माळा म्हणजे तीच मंद हार्ड डिस्क!

बिनपैशाचे उपाय

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीत यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे कार्यक्रम असतात. नको असलेले तिथेच बंद करावेत, मात्र विषाणुरोधकाला हात लावू नये. ब्राउझरच्या वीसवीस खिडक्या उघड्या ठेवू नयेत. डिस्कवर थोडी मोकळी जागा राखावी. अधूनमधून 'रीस्टार्ट' करावे. नेहमीच्या 'शट डाउन'मध्ये विंडोज प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच परत आणते, तर 'रीस्टार्ट'मध्ये पाटी कोरी होते. पंख्यात धूळ साचली असेल, तर ती जाणकाराकडून काढून घ्यावी. यंत्र तापले की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. "एका क्लिकमध्ये वेग वाढवा" म्हणणाऱ्या जाहिरातींपासून मात्र दूरच राहावे.

थोड्या पैशाचे उपाय

एवढे करूनही डिस्क १०० टक्क्यांवरच राहिली, तर एसएसडी बसवावी आणि जमल्यास रॅम ८ जीबी करावी. काही लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीलाच डाखलेली असते, म्हणून मॉडेल सांगून आधी चौकशी करावी. कोणताही भाग बदलण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप वापरणे थांबवून आधी ती बदलावी.

वहिनींनी दोन्ही भाग बसवून घेतले. खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे किरकोळ आला. आता चहाचे आधण उकळण्यापूर्वी वर्ग सुरू होतो, आणि फीचे पैसे फीलाच गेले.

एक गोष्ट मात्र वेगाने भागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत इतकी जुनी यंत्रे बहुधा बसत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आहे. ती पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते. आपला प्रिंटर आणि नेहमीची कामे तिच्यावर चालतात, अशी खात्री झाली की मगच ती कायमची बसवावी. वहिनींचे वर्ग ब्राउझरमध्येच चालतात, त्यामुळे त्यांना ती सोयीची पडली.

मूळ सर्किटपट्टीच जळाली असेल किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर मोह सोडावा. डिस्क काढून घेऊन यंत्र रद्दीवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावे. पण तो निर्णय नाडी पाहिल्यावरचा असावा. जाहिराती पाडव्यापर्यंत थांबतील. टास्क मॅनेजर उघडायला मिनिटभरच लागते.