सदर, छावणी आणि जबलपूर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबलपुरातील सदर ही लष्करी छावणीची मुख्य बाजारपेठ होय. आखीव रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि सभोवतालचे लष्करी बंगले यांमुळे या भागावरची ब्रिटिश काळाची छाप ठळकपणे जाणवते आणि तिच्याच आधारे संपूर्ण शहराविषयी काही समजुती रूढ झाल्या आहेत. मराठी भाषकांचा या प्रदेशाशी दीर्घकाळ संबंध आलेला असल्याने त्या तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : सदर हा महानगरपालिकेच्या कारभाराखालील एक सामान्य मोहल्ला आहे.

वस्तुस्थिती : सदर छावणीच्या हद्दीत येत असल्यामुळे तेथील नागरी व्यवस्था छावणी मंडळाकडे, म्हणजे कँटोन्मेंट बोर्डाकडे असते. हे मंडळ संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत २००६ च्या छावणी कायद्यानुसार काम करते. ब्रिटिश काळातील छावण्यांत प्रत्येक पलटणीचा स्वतंत्र बाजार असे, तर संपूर्ण छावणीच्या गरजा भागवणाऱ्या मोठ्या बाजाराला सदर बाजार म्हटले जाई. म्हणूनच हे नाव उत्तर भारतातील अनेक छावण्यांत आढळते.

गैरसमज : जबलपूरचा इतिहास इंग्रजांच्या आगमनापासून सुरू होतो.

वस्तुस्थिती : भेडाघाटच्या वाटेवरील तेवर हे गाव म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी होय, आणि अकराव्या शतकात गांगेयदेव व त्याचा पुत्र कर्ण यांच्या काळात या घराण्याचा दरारा उत्तर भारतात दूरवर पसरला होता. कलचुरींचे विखुरलेले कोरीव लेख एकत्र संपादित करून १९५५ मध्ये त्यांचे प्रमाणभूत संकलन प्रसिद्ध करण्याचे श्रेय नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे आहे. पुढे गोंड राजांचे गढा-मंडला राज्य उदयास आले आणि त्याच राज्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना धारातीर्थी पडली.

गैरसमज : मराठ्यांचा येथील संबंध स्वाऱ्यांपुरताच होता.

वस्तुस्थिती : १७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव याने मंडल्यावर स्वारी केली आणि तीत गोंड राजा महाराज शाह मारला गेला, परंतु मराठ्यांचा प्रत्यक्ष अंमल १७८१ मध्ये सागरच्या मराठा सत्तेने अखेरच्या गोंड राजाला पदच्युत केल्यावर बसला. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेईपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर पुन्हा एका शासनाखाली आले, आणि हा हिंदी-मराठी सहवास १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत टिकला.

गैरसमज : येथील भूमी म्हणजे केवळ संगमरवर.

वस्तुस्थिती : नर्मदेने कापून काढलेले भेडाघाटचे संगमरवरी कडे प्रसिद्ध असले, तरी मदनमहालच्या परिसरात ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे दिसतात, तर बडा शिमला टेकडीत लॅमेटा थर आढळतो, म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गाळापासून बनलेला खडक. या टेकडीवर १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याला जी हाडे सापडली, ती भारतातील डायनोसॉरच्या जीवाश्मांच्या सर्वांत आरंभीच्या शोधांपैकी असून, त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. या थरावर पसरलेला काळा बेसाल्ट ज्या लाव्हापासून बनला, त्याच लाव्हाच्या महापुरांतून सह्याद्रीचे कातळही घडले आहेत.

गैरसमज : जबलपूरची छावणी इंग्रजी सत्तेशी कायम एकनिष्ठ राहिली.

वस्तुस्थिती : बंडाचा कट रचल्याच्या आरोपावरून गोंड राजवंशातील शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि त्याच रात्री ५२ व्या पलटणीचे शिपाई बंड करून छावणीतून निघून गेले. पुढे मुंबईच्या नाविक उठावापाठोपाठ, २७ फेब्रुवारी १९४६ रोजी येथील सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील भारतीय सैनिकांनी वेतन, अन्न, अपमानास्पद वागणूक आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटले यांच्या निषेधार्थ निःशस्त्र उठाव केला. नाविकांचा उठाव सर्वश्रुत आहे. जबलपूरच्या सैनिकांना मात्र इतिहासाच्या पुस्तकांत त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली.

हा सारा प्रदेश गोंड, बुंदेली आणि मराठी अशा अनेक समाजांच्या सहवासातून घडला आहे. म्हणून मराठी लेखनात मंडल्याच्या मोहिमेची नोंद विजय म्हणून करताना महाराज शाहाचे नाव गाळले जाऊ नये, आणि सदर बाजार पाहायला जाणाऱ्या प्रत्येक वाचकाने तेवरलाही अवश्य जावे.