एक घोडा, दोन स्वार

माथेरानच्या डोंगरावर खाजगी मोटारी नेता येत नाहीत. म्हणून तेथे घोड्याला आजही काम आहे. तो प्रवाशांना फिरवतो आणि सामानही वाहतो.

समजा, अशाच एखाद्या गावात एका माणसाजवळ घोडा आहे. त्याच्या शेजाऱ्याजवळ घोडा नाही, पण तो मेहनती आहे. दोघे मिळून ठरवतात की, आठवड्यातले तीन दिवस मालकाने घोडा चालवायचा, तीन दिवस शेजाऱ्याने, आणि एक दिवस घोड्याला विश्रांती द्यायची. ज्याच्या दिवसाची कमाई त्याची. मग घोड्याचा खर्च कोणी किती द्यायचा?

शेजारी म्हणेल, "माझ्या तीन दिवसांचा दाणा-वैरणीचा खर्च मी देतो." हे बोलणे ऐकायला सरळ वाटते. पण घोडा म्हणजे मोटार नव्हे. मोटार उभी राहिली की पेट्रोल लागत नाही. घोडा उभा राहिला तरी खातो. तीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज साधारणपणे सहा किलो कोरडा चारा लागतो. काम असेल तर वर दाणाही द्यावा लागतो. विश्रांतीच्या दिवशी त्याने कोणाच्या घरचे खायचे? पावसाळ्यात प्रवासी कमी होतात, तेव्हा काय करायचे?

आपण हिशेब करून पाहू. रोजचा खर्च ३०० रुपये धरू. वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे १,०९,५०० रुपये झाले. पावसाळ्याचे १२० दिवस घोडा बसून राहतो असे समजा. उरले २४५ दिवस, म्हणजे ३५ आठवडे. दर आठवड्याला तीन याप्रमाणे शेजाऱ्याचे १०५ दिवस होतात. त्याने तेवढ्याच दिवसांचे पैसे दिले, तर ते ३१,५०० रुपये होतात. मालकाच्या अंगावर ७८,००० रुपये पडतात. काम मात्र दोघांनी सारखेच घेतले! खर्च निम्मा-निम्मा केला असता तर प्रत्येकी ५४,७५० रुपये आले असते. मला विचाराल तर चाऱ्याच्या बाबतीत हाच हिशेब बरोबर. जो कामाच्या दिवसांचा फायदा घेतो, त्याने बसून राहिलेल्या दिवसांचा भारही उचलला पाहिजे.

नालांचेही तसेच आहे. घोड्याचे खूर आपल्या नखांसारखे वाढत राहतात. त्यामुळे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते. धनुर्वाताची लसही टोचून घ्यावी लागते, कारण घोड्याला हा रोग फार सहज जडतो. हे खर्च दोघांचे. पण खोगीर ज्याचे त्याने आणावे आणि ते घोड्याच्या पाठीला नीट बसते की नाही, हेही त्यानेच पाहावे. चुकीच्या खोगिराने पाठ सोलली, तर घोडा कित्येक दिवस कामाला येत नाही आणि दोघांचीही कमाई बुडते. अशा वेळी ज्याच्या हातून इजा झाली, त्याने औषधाचा खर्च द्यावा हे उघड आहे.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. घोडा मेला तर कोणाचा मेला?

हा प्रश्न जुना आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला स्वतःचा घोडा घेऊन येई. हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. 'सिलाह' म्हणजे हत्यार, हे तुम्हांला उर्दूमुळे ठाऊक असेलच. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा पडला तर त्याच्या घरचे भांडवलच गेले! मग लढाईत घोडा पुढे घालताना त्याचा हात आखडला, तर नवल काय? पेशवाईत शिलेदाराला स्वारीवर निघण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ देत. तिला 'नालबंदी' म्हणत.

पुढे इंग्रजांच्या काळातही ही शिलेदारी पद्धत चालू राहिली. जेम्स स्किनर यांनी १८०३ मध्ये उभारलेला रिसाला याच पद्धतीचा होता. भरती होताना स्वार घोड्याची किंमत पलटणीत भरी. तिला 'असामी' म्हणत. नोकरी सोडताना ती रक्कम त्याला परत मिळे. सामान वाहण्यासाठी दोन स्वारांमध्ये मिळून एक तट्टू असे आणि गवत कापून आणणारा माणूसही दोघांत एकच असे. म्हणजे आपल्या दोन शेजाऱ्यांसारखीच ही भागीदारी होती.

घोड्याच्या मरणावर त्यांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून एका निधीत ठेवत. या निधीचे नाव तुमच्या रोजच्या बोलण्यातले आहे : 'चंदा'. कोणाचा घोडा मेला, तर नवा घोडा घ्यायला या निधीतून मदत मिळे. एकाचे मोठे नुकसान सर्वांनी थोडे थोडे वाटून घेतले.

पण एकाच वेळी पुष्कळ घोडे मेले, तर असा निधी पुरत नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) नेमके तेच घडले. नवे घोडे पुरवणे पलटणींच्या आवाक्याबाहेर गेले. युद्धानंतर ही पद्धत बंद झाली आणि घोडे सरकारनेच पुरवायला सुरुवात केली.

दोनच शेजाऱ्यांचा चंदा तर फारच तोकडा पडेल. आज मात्र गाई-म्हशींप्रमाणे घोड्याचाही विमा उतरवता येतो. त्याचा हप्ता कोणी भरायचा? घोडा मेल्यावर विम्याचे पैसे मालकालाच मिळणार असतील, तर हप्ता त्यानेच भरावा. शेजाऱ्याकडून निम्मा हप्ता घ्यायचा असेल, तर मिळणाऱ्या पैशांत त्याचा वाटा किती, हे घोडा धडधाकट असतानाच कागदावर लिहून दोघांनी सही करावी.